खळ्यावर आलेली निळी गाडी

गाडी यायच्या आदल्या दिवशी भावाचा गोंदियाहून फोन आला, तेव्हा मी खळ्यावर तणस रचत होते. धान मळून घरात गेलं होतं आणि खळं मोकळं झालं होतं. भावाने आधी रस्त्याचंच विचारलं. मोरीवर खड्डा आहे का, शाळेजवळचा गतिरोधक किती उंच आहे, खळ्याकडे वळताना मधे दगड आहेत का. गाडी जमिनीला लागून चालते, म्हणाला, वीतभर दगडसुद्धा तिला चालत नाही. मी आठवून आठवून सांगत होते. फोन बंद पडला असं वाटून मी कानावरून काढून पाहिला.

तेवढ्यात तो म्हणाला, "बाई, गाडीच्या तोंडावर त्याचं डोकं आहे."

कुणाचं, हे मी विचारलं नाही. आमच्या घरात त्याचं नाव घेत नाहीत. शेतात दिसला तर आम्ही "जनावर" म्हणतो, आणि तेही हळू आवाजात.

"गाडीचं नावच ते आहे," भाऊ म्हणाला. "तिकडच्या एका विषारी जातीचं. मायले दिसू नको देऊ."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं तो अमेरिकेतल्या कारखान्यातून त्या गाड्यांचे फोटो पाठवत होता. बाजूने काढलेले, मागून काढलेले, आत बसून काढलेले. माय माझ्या फोनवर ते डोळ्याजवळ धरून बघायची. समोरून काढलेला एकही फोटो आम्ही कधी पाहिला नव्हता.

बाबांना जनावर चावलं ते धानाचा भारा उचलताना. भाऊ तेव्हा लहान होता, मी त्याच्याहून मोठी. गावात मोटार नव्हती. काकाने बैलबंडी जुंपली, बाबांना तणसावर झोपवलं, माय त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि भाऊही बंडीत चढला. मला घरी ठेवलं. दवाखाना नवेगाव बांध गावात, तळ्याच्या पलीकडे. बंडी तळ्याच्या काठाकाठाने निघाली. पोचायच्या आधीच बाबा गेले. त्यानंतर माय त्या रस्त्याने कधी गेली नाही. आजारी पडली तर अर्जुनीची बस धरायची. लग्नकार्यासाठी तिकडे जावं लागलं तर मलाच पाठवायची. लोक म्हणायचे, म्हातारीला पाण्याचं भेव आहे. आम्ही खरं कारण कुणाला सांगितलं नाही.

भाऊ मोठा झाला, गोंदियाला डिझेल इंजिनाचं काम शिकला, फुलचूरच्या एका गॅरेजात राहिला. तिथून आखातात गेला आणि तिथल्या साहेबाने त्याला पुढे अमेरिकेत नेलं. तिथे ज्या कारखान्यात तो लागला, तिथे गाडीची ही एकच जात बनायची. यंत्राचे हात नव्हते, माणसांचेच होते. थोडीशी माणसं, आणि एकेक गाडी ढकलत ढकलत एका जागेवरून दुसऱ्या जागेवर न्यायची. भाऊ फोनवर सांगायचा की आज इंजिन बसवलं, आज दार बसवलं, आज एकीला पहिल्यांदा चालू केलं. एका दिवशी तो म्हणाला, कंपनी ही गाडी बंद करणार आहे. आता बनते आहे ती शेवटची पिढी, यापुढे नाही. त्याचा आवाज असा होता की मी विचारलं, तिकडे कुणी गेलं का. तो म्हणाला, "नाई बाई, गाडीच."

कारखान्याला कुलूप लागल्यावर तो ज्यांच्याकडे त्या गाड्या होत्या त्यांच्या गाड्या दुरुस्त करू लागला. त्यातलाच एक म्हातारा गोरा माणूस. बायको गेल्यावर त्याने ठरवलं की आपली गाडी जहाजात घालून देशोदेशी हिंडायचं. आपल्या देशात गाडी ठेवायचा परवाना थोड्या महिन्यांचा होता. वाटेत गाडी बिघडली तर हात लावणारा माणूस हवा, म्हणून त्याने भावाला सोबत आणलं. मुंबईहून निघाल्यावर भावाने त्याला एकच गोष्ट मागितली होती. एक दिवस माझ्या गावाला वळू.

मला फोनवर शेवटी तेच म्हणाला. "माय एकदा बसली पायजे तिच्यात. मंग ती तिकडंच जाईन आणि अशी दुसरी कोणी बनवणार नाई. बाकी काही नाई पायजे मले."

मी खूप विचार केला. कापड घातलं तर माय कापड काढेल. चिकटपट्टी लावली तर विचारेल, गाडीला जखम झाली का. मग मला हार सुचला. नव्या गाडीला हार घालतातच. मी परसातला झेंडू सगळा तोडला आणि शेजारणीकडचाही मागून आणला. हाताएवढा जाड हार ओवला. माय ओसरीवर बसून बघत होती. एवढा जाड कशाला, तिने विचारलं. मी म्हटलं, पाहुणा मोठा आहे. एवढं बोलतानाही माझे कान गरम झाले. मला खोटं नीट बोलता येत नाही. खरंही चारचौघांत बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खळं सारवून घेतलं. उन्हात ते वाळून कडक झालं होतं. गाडी गल्लीत शिरणार नव्हती, तेव्हा तिला खळ्यावरच उभी करायची असं ठरलं होतं. पोरं सकाळपासून मोरीवर जाऊन बसली होती.

पहिल्यांदा आवाज आला. मला वाटलं होतं, विमानासारखा येईल. तसा नव्हता. धानाची मिल चालू झाली की भिंतीच्या आत जसं घुमतं, तसा तो होता. जड, खालचा, जमिनीतून येणारा. मी तगारी धरून उभी होते, तर तगारी हातात थरथरली. शेजारची काकू म्हणाली, "अवो, मिलच येऊन राहिली का चालत?"

मग ती दिसली. निळी. मोराच्या मानेचा जो निळा असतो, तो. वरून दोन पांढरे पट्टे, तोंडापासून शेपटीपर्यंत, सरळ. आणि एवढी खाली, की रस्त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या म्हशीचं पोट तिच्या वरून दिसत होतं. शाळेजवळच्या गतिरोधकाशी ती थांबली. मग तिरकी झाली, एक चाक चढवलं, थांबली, दुसरं चढवलं, बाई उंबरा ओलांडते तशी. लग्न लागून आलेली नवरी आठवली मला. एवढी ताकद अंगात असून इतकं जपून पाऊल टाकणारं मी काही पाहिलं नव्हतं.

खळ्याच्या कडेला गाडी थांबली. खळ्यावर आमच्याकडे कुणी चपला घालून चढत नाही. भाऊ उतरला आणि सवयीने बूट काढून बाजूला ठेवले. दुसऱ्या बाजूने गोरा म्हातारा उतरला. उंच, अर्धी पँट, पाय लाल झालेले. त्याने भावाकडे पाहिलं, सगळ्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, आणि वाकून आपलेही बूट काढले. पोलीस पाटलाने गाडीच्या जाड टायरांकडे बोट दाखवून म्हटलं, "हिच्याही चपला काढा." सगळे हसले. भावाने खाली बसून चाकांची माती खरोखरच फडक्याने पुसली आणि मग गाडी खळ्यावर घेतली.

मी तणसाच्या ढिगामागे उभी राहून बघत होते. पुढे जायला मला लाज वाटत होती, पण डोळे काढवत नव्हते. गाडीचं अर्धं अंग नुसतं तोंडच होतं. लांब, फुगलेलं, वरून भोकं पाडलेलं. माणसांची जागा मागे, चाकांच्या जवळ, तीही दोघांचीच. काकू म्हणाली, "एवढी मोठी गाडी, आणि बसणार दोघं? आमच्या ऑटोत तं शेळीसकट बारा बसते." भाऊ हसला, आणि त्याने समोरचं झाकण उघडलं. मला वाटलं होतं, ट्रॅक्टरचं उघडतं तसं उघडेल. पण काचेपासून पुढचं सगळं तोंडच चाकांच्या वरून उचललं गेलं आणि पुढे कललं. आत इंजिन होतं. काळं, चंदेरी, नळ्यांनी गुंफलेलं. दहा सिलिंडर, भाऊ म्हणाला. ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, "दहा? माह्याले तीन आहेत आणि ते नांगर ओढते. हे काय ओढते?" भाऊ म्हणाला, "स्वतःलेच." त्यावर कुणी हसलं नाही. सगळे वाकून बघत राहिले, देवळाच्या गाभाऱ्यात बघतात तसे. मला वाटलं, हे माझ्या भावाच्या हातांनी केलं. ज्याला मी शेंबूड पुसून शाळेत नेलं, त्याच्या हातांनी.

झाकण बंद करताना भावाने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले. तोंड अगदी खाली होतं, मला गुडघ्यावर बसावं लागलं. आणि तिथे ते होतं. तळहाताएवढं, चंदेरी, डोळे बारीक, समोर बघणारं. चावणाऱ्याचं डोकं, पण इतकं सुबक की माझा हात थांबला. मग मी हार घातला आणि दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला. ते झाकलं गेलं.

माय आली. नवं लुगडं नेसली होती, डोक्यावर पदर, हातात ताट. ताटात हळद, कुंकू, तांदूळ, दिवा. भाऊ पायाशी वाकला. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. वाळलास, म्हणाली. तो वाळला नव्हता, चांगला भरला होता. मग तिने गोऱ्या म्हाताऱ्यालाही कुंकू लावलं. तो डोळे मिटून उभा राहिला.

मग ती गाडीकडे वळली. आणि मला आठवलं.

पोळ्याला बैल असो, दसऱ्याला ट्रॅक्टर असो, माय कुंकू लावते ते कपाळावर. पाठीवर नाही, चाकावर नाही. कपाळावरच, मधोमध. झेंडूवर कुंकू कसं लागेल? मी हे आधी कसं ध्यानात घेतलं नाही, ते देव जाणे. माय सावकाश गाडीसमोर बसली, ताट खाली ठेवलं, बोट कुंकवात बुडवलं, आणि दुसऱ्या हाताने हार वर सरकवला.

ती तशीच बसून राहिली. बोट कुंकवाने लाल. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पाठ दिसत होती. दिवा हवेने विझला. भोवतालची माणसं एकेक करून मागे सरली. आमच्या बाबांना कशाने नेलं ते सगळ्या गावाला माहीत आहे.

"हेच बनवत होतास का रे तू?" माय म्हणाली. मागे वळली नाही. "इतके वर्स?"

"होय माय."

"काऊन नाई सांगितलं?"

भावाने उलट विचारलं, "सांगितलं असतं तं जाऊ देल्लं असतंस का?"

"नाई," माय म्हणाली.

ती उठली. ताट तिथेच राहिलं. बोटाचं कुंकू पदराला पुसत ती घराकडे चालू लागली. वाट आपोआप मोकळी झाली.

भाऊ गाडीजवळ उकिडवा बसला. कुणीतरी म्हणालं, स्क्रू काढून ते डोकं काढून टाक ना बे, म्हातारी बसेल मग. भाऊ म्हणाला, स्क्रू नाही त्याला, आणि असता तरी काढला नसता, हे तिचं नाव आहे. गोऱ्या म्हाताऱ्याने त्याला काहीतरी विचारलं. भावाने खाली बघत त्याच्या भाषेत सांगितलं, बरंच. ऐकता ऐकता त्या म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून ठेवली. गाडी त्याची होती, पण त्या वेळी तो असा उभा होता की जणू परवानगी न घेता कुणाच्या दारात आला आहे.

मी मायच्या मागे घरी गेले. ती चुलीपुढे बसली होती. चूल पेटलेली नव्हती. मी उंबऱ्यातच बसले. तिने विचारलं, तुला माहीत होतं का. मी म्हटलं, कालपासून. ती रागावेल असं वाटलं होतं, पण रागावली नाही. ती बंडीबद्दल बोलू लागली. इतक्या वर्षांत ती त्या बंडीबद्दल माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. मी घरी राहिले होते, त्यामुळे बंडीत काय झालं ते मला आजपर्यंत माहीत नव्हतं.

बैल चांगले होते, ती म्हणाली, पण बैल ते बैल. काका मारून मारून थकला. बाबांची जीभ जड झाली होती. आणि हा पोरगा पुढे जाऊन काकाच्या शेजारी उभा राहिला होता आणि बैलांना ओरडत होता. जोरात चला, जोरात चला. त्याचा आवाज बसला तरी ओरडत होता. बाबा गेले हे मायला कळलं, तिने काकाला खूण केली, काकाने बैल थांबवले. पण पोरगा थांबेना. तो खाली उतरला आणि जू धरून बैलांना ओढू लागला.

"त्या दिवसापासून रस्त्यानं जीप जावो का बस, हा मागं धावे," माय म्हणाली. "मी मारलं त्याले त्याच्यासाठी. मले वाटे, पोरगं गाड्यायच्या मागं काऊन धावते."

बाहेर कोंबडी ओरडत होती. माय चुलीतल्या राखेत काडीने रेघा ओढत होती. मग तिने काडी टाकली आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. दुःख नव्हतं. मोठं काहीतरी बघितल्यावर माणसाचं तोंड थोडं उघडं राहतं, तसं होतं.

"ज्यानं बाप नेला, त्यालेच यानं गाडीले जुंपलं व," ती म्हणाली.

तिने रांजणातून पाणी घेऊन तोंड धुतलं. पदर नीट केला. आणि मला म्हणाली, चल.

आम्ही परत खळ्यावर गेलो तेव्हा माणसं तशीच उभी होती. माय सरळ गाडीसमोर बसली. हार तिने वर सरकवलेलाच होता. तिने ताटातलं कुंकू घेतलं आणि त्या चंदेरी डोक्यावर, दोन डोळ्यांच्या मधे, बोट टेकवलं. घट्ट टेकवलं. दोन तांदूळ चिकटवले. गोरा म्हातारा तोंडावर हात ठेवून बघत होता.

मग तिने भावाला विचारलं, "बसाचं कोण्या बाजूनं?"

बसणं सोपं नव्हतं. गाडी इतकी खाली, आणि दाराखालच्या उंबऱ्यातून धुराची नळी गेलेली, त्यामुळे तो उंबरा तव्यासारखा तापलेला. भावाने आधीच बजावलं होतं, पाय लागला तर भाजेल. सुती लुगड्याचं भेव नव्हतं, पण पोटरीचं होतं. मी धावत जाऊन एक पोतं हौदात भिजवून आणलं आणि उंबऱ्यावर टाकलं. वाफ निघाली. मायने एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, एक भावाच्या, आणि आधी बसली, मग पाय आत घेतले. बंडीत बायका चढतात तशीच, उलटी. गोऱ्याने मान हलवली, बरोबर अशा अर्थाने. भावाने पट्टा बांधला. बांधताना मायने विचारलं, हे कशाला, मी काय पळून जाऊन राहिली. काकू लांबून म्हणाली, "बांधा, बांधा, म्हातारी उडून जाईल."

भाऊ डाव्या बाजूला बसला. तिकडे चालवणारा डावीकडेच बसतो. त्याने विचारलं, गावाला एक चक्कर मारू का.

माय समोर बघत म्हणाली, "दवाखान्याकडं घे. तळ्याच्या रस्त्यानं."

भावाचे हात स्टेअरिंगवर होते. ते तिथेच राहिले. मी दाराशी वाकलेली होते, म्हणून मला त्याचे हात दिसले. बोटांवर जुने डाग, एका अंगठ्याचं नख वाकडं वाढलेलं. मग त्याने गाडी चालू केली. मिलचा तो आवाज माझ्या पोटात शिरला. मी मागे सरले.

पोरं आणि माणसं रस्त्यापर्यंत गाडीमागे धावली. खळ्यावर मी राहिले, आणि तो गोरा म्हातारा. मला पळावंसं वाटलं. परक्या पुरुषाशी एकटीने उभं राहायची सवय नाही, आणि हा तर परक्या देशाचा. पण पाहुणा होता. मी खाट ओढून दिली. तो बसला नाही. मान तिरकी करून आवाजाकडे कान लावून उभा राहिला. मीही तशीच उभी राहिले, त्याच्यापासून दूर.

गाडी गावाबाहेर जाईपर्यंत हळू होती. मग मोकळा रस्ता लागला असावा. आवाज बदलला. खालचा होता तो वर चढू लागला, भरत गेला, फाटेल असं वाटेपर्यंत भरला आणि एकदम खाली आला. म्हाताऱ्याने एक बोट वर केलं. परत तसंच झालं, त्याने दुसरं बोट वर केलं. मला कळलं. तो गिअर मोजत होता. तिसऱ्या वेळी मीच त्याच्याकडे पाहिलं, तर त्याने तीन बोटं दाखवली. मी मान हलवली. आम्हाला एकमेकांचा एकही शब्द येत नव्हता.

तळ्याच्या काठाला रस्ता वळला, तेव्हा आवाज पाण्यावरून येऊ लागला. त्याआधी मी तळ्यावरून बदकांचा आवाज ऐकला आहे, कोळ्यांच्या हाका ऐकल्या आहेत. असा आवाज ऐकला नव्हता. तो एका जागेहून येत नव्हता, सगळ्या पाण्यातूनच येत होता. जंगलाकडून परत फिरून येत होता. हाच रस्ता. याच रस्त्यावर कितीही ओरडलं तरी बैल पळत नव्हते, आणि आता त्याच रस्त्यावर माझी माय एवढ्या आवाजाच्या आत बसून चालली होती. तिला भीती वाटत असेल का, पदर उडाला असेल का, ती डोळे मिटून बसली असेल का, हे सगळं माझ्या मनात एकदम आलं. म्हाताऱ्याने चार बोटं दाखवली. मग पाचवं उघडायच्या आधीच आवाज उतरू लागला. उतरत उतरत बंद झाला.

म्हाताऱ्याने हात खाली केला.

आम्ही वाट पाहिली. गाडी का थांबली असेल? दवाखाना इतक्यात आला असेल का? बिघडली असेल का? माय घाबरून उतरली असेल का? म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम आला होता, त्याला त्याच्या गाडीची काळजी वाटत असेल असं मला वाटलं. पण तो माझ्याकडे वळला आणि दोन्ही हात जोडून छातीशी धरले, आमच्यासारखे. तो कशासाठी हात जोडत होता, हे मला समजलं नाही आणि समजलंही. मी पाणी आणून दिलं. त्याने वरून पिण्याचा प्रयत्न केला आणि सगळा सदरा भिजवला. मला हसू आलं. तोही हसला. मग आम्ही दोघं परत तळ्याच्या दिशेने कान लावून उभे राहिलो.

बऱ्याच वेळाने आवाज पुन्हा सुरू झाला. या वेळी तो वर चढला नाही. एका लयीत, सावकाश, काठाकाठाने येत राहिला.

गाडी खळ्याशी थांबली. भाऊ आधी उतरला आणि मागच्या बाजूला जाऊन उभा राहिला. मी पोतं परत भिजवून उंबऱ्यावर टाकलं. मायने पाय बाहेर काढले, माझा खांदा धरला, उभी राहिली. तिचे केस पदराबाहेर आले होते. सगळे विचारू लागले. कशी होती, पोट हललं का, भेव वाटलं का, किती जोरात नेली. माय त्यांच्यातून वाट काढत गेली. खाटेवर बसली. मी पाण्याचा गडवा दिला. तिने सगळा संपवला.

मग तिने मला जवळ बोलावलं. मी खाली वाकले. तिने माझ्या कानात सांगितलं नाही, साध्या आवाजात सांगितलं, पण मलाच सांगितलं.

"दवाखाना जवळच आहे व," ती म्हणाली. "इथीच तं आहे."

मी भावाकडे पाहिलं. त्याने ऐकलं होतं. तो गाडीच्या मागे टेकून उभा होता, खाली बघत, आणि फडक्याने हात पुसत होता. हात स्वच्छ होते तरी पुसत होता. गोरा म्हातारा त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला.

गाडी बंद होती, पण तिच्या तोंडातून अजून गरम हवा येत होती. आतलं लोखंड थंड होताना बारीक बारीक वाजत होतं, थांबून थांबून. माय खाटेवरून ते ऐकत होती. घरी भाजी-भात तयार होता, पाहुण्याला उपाशी ठेवायचं नव्हतं, ऊनही वर आलं होतं. पण तिला उठ असं आमच्यापैकी कुणी म्हणालं नाही.